पाचव्या हुकावरचा कप

दिनांक ४ फेब्रुवारी, बुधवार

आदरणीय वहिनींस,
सादर नमस्कार.

आपल्याला पत्र लिहिण्याचा मला कोणताही अधिकार नाही, याची जाणीव ठेवूनच हे धाडस करीत आहे. आपली-माझी भेट आयुष्यात एकदाच झाली, तीही एका चहापुरती. आणि तो चहासुद्धा आपण घेतला नाहीत. त्या दिवशी आतल्या दाराशी पडद्याची कड धरून उभी असलेली, एक शब्दही न बोललेली मुलगी आपल्याला आठवत असेल, तर ती मी. नात्याने आपली नणंद. हा शब्द लिहिताना हात अडखळला, कारण तीन वर्षांत तो वापरण्याची वेळच आली नाही. आगाऊपणाबद्दल क्षमा असावी.

दादाला सोडून आपल्याला का लिहिते, हेही सांगायला हवे. दादा आईला अधूनमधून फोन करतो. पण बाबांचे नाव निघाले की, 'बरं, ठेवतो आता,' एवढेच बोलतो. मला तर फोनवर बोलताच येत नाही. बोलताना माझी वाक्ये अर्ध्यावर गळून पडतात. कागदावर ती निदान क्रियापदापर्यंत पोहोचतात. आपला पत्ता आईच्या शिवणाच्या डब्यातील एका पाकिटावरून घेतला. विचारून घेतला, असे म्हणता येणार नाही.

त्या दिवसाविषयी मला काहीही लिहायचे नाही. बाबांच्या वतीने क्षमा मागण्याचाही हेतू नाही. त्यांनी ती मागितलेली नसताना मी कोण? मला केवळ दिव्यांविषयी लिहायचे आहे. जुन्या कपांच्या दिव्यांविषयी.

बाबा चिनीमातीच्या कारखान्यात तपासनीस होते, हे दादाने सांगितले असेलच. पट्ट्यावरून येणारा प्रत्येक कप ते उचलत, नखाने वाजवत, उजेडासमोर धरून फिरवत. दोष दिसला की त्याभोवती लाल मेणखडूने गोल काढत. लाल गोल म्हणजे कप रद्द. असा रद्द माल कामगारांना घरी न्यायची मुभा होती, आणि आमचे घर त्यावरच चालले. आमच्याकडच्या कोणत्याही दोन कपांचे एकमेकांशी जमत नाही. बाबांच्या कपाचा कान तिरका आहे, आईचा कप बुडाशी डुलतो, दादाच्या कपावरची निळी रेघ दोनदा उमटली आहे आणि माझ्या कपाच्या पोटावर मोहरीएवढा काळा ठिपका आहे. काचेच्या कपाटात मात्र सहा अखंड कप असतात, पाहुण्यांसाठी. आई म्हणते, "या घरात सहाच निर्दोष जीव आहेत, आणि त्यांना तोंड लावतात परके."

डिसेंबरात बाबा निवृत्त झाले. दिवसभर खिडकीशी बसून ते हाताला येईल ती वस्तू उजेडासमोर धरू लागले. पेला, चमचा, माझा चष्मा. आई एकदा म्हणालीच, "नोकरी सुटली, पण तपासणी काही सुटली नाही. आज भांडी झाली, उद्या मला लाल गोल काढाल." बाबा हसले नाहीत. ते फारसे हसत नाहीत.

पुढच्या खोलीची भिंत फार उदास झाली आहे. शोभेचे काही विकत आणणे शक्य नाही. मी ज्या वाचनालयात काम करते तिथल्या एका जुन्या मासिकात, कपाच्या बुडाला छिद्र पाडून त्याचा टांगता दिवा कसा करावा, याची कृती आढळली. पलंगाखाली रद्द कपांची खोकी होतीच. मी भीतभीतच ते पान बाबांपुढे ठेवले. त्यांनी ते वाचले, घडी घातली आणि परत दिले. मला वाटले, प्रस्ताव रद्द झाला. दुसऱ्या दिवशी घरी आले तर बाबा शेजारच्या वायरमनकडून ड्रिल मागून आणून बसले होते.

इथवर लिहून थांबते. एका बैठकीत हे पत्र पुरे करण्याइतके माझे धैर्य टिकत नाही.


दिनांक ८ फेब्रुवारी, रविवार

वहिनी, आमचा पहिला दिवा लागला. मी जे पाहिले ते आपल्याला सांगितल्यावाचून राहवत नाही.

आधी कृती सांगते. परातीत फडके घालून त्यावर कप पालथा ठेवायचा. बुडावर चिकटपट्टी लावायची, म्हणजे ड्रिलचे टोक घसरत नाही. वर पाण्याची बारीक धार धरायची, कारण माती तापली की तडकते. धार धरण्याचे काम माझे. पहिला कप माझ्यामुळे गेला. धार हलली आणि कपाचे दोन तुकडे झाले. मी डोळे मिटून घेतले. बाबा म्हणाले, "डोळे मिटून धार सरळ राहील का?" एवढेच. तुकडे त्यांनी टाकले नाहीत. सुट्या झालेल्या कानाची टोके घासून तो एका फळीवर चिकटवला. आता आमच्या किल्ल्या त्या कानात बोट घालून लटकतात.

छिद्रे पडली, वायर ओवली, आत लहानसे, न तापणारे दिवे बसले. पडद्याच्या जुन्या दांडीवर कप खालीवर उंचीने पालथे टांगायचे ठरले. इथे आमचा मतभेद झाला. प्रत्येक कपाचा दोष भिंतीकडे वळवावा, असे मला वाटत होते. बाबा तो खोलीकडे वळवत होते. मी हळूच म्हणाले, "बाबा, डाग दिसतोय."

"दिसू दे. लपवायचाच तर नवीन कप आण."

"पण तुम्हीच तर आयुष्यभर..."

"ते पेटीसाठी. पेटीत बसायला सगळे सारखे लागतात. घरात कशाला लागतात?"

आई दारातून म्हणाली, "ऐका, आमच्या पंडिता, लिहून घ्या. हे वर्षातून एकदाच एवढं बोलतात."

संध्याकाळी खोलीत अंधारू लागले तेव्हा बाबांनी बटण दाबले, आणि कप नाहीसे झाले. अन्य शब्दांत हे मला मांडता येत नाही. कप होते तिथे कोवळ्या उन्हाचे गोळे तरंगत होते. दिवसा जे पांढरे, ठोकळ, मुके दिसत, त्यांच्या आत इतका उजेड मावतो याची मला कल्पना नव्हती. कच्ची माती पुसताना कोणीतरी ओल्या स्पंजाचे फटकारे मारले होते, ते ढगांसारखे दिसू लागले. कान चिकटवताना दाबलेल्या बोटांच्या सावल्या दिसल्या. ज्या कपाची भिंत एका बाजूला पातळ म्हणून रद्द झाली होती, तो त्याच बाजूने सर्वांत उजळ होता. केसासारखा तडा गेलेल्या कपात वरून खाली सोन्याची एक रेघ उतरली होती. ज्या ज्या ठिकाणी बाबांनी एकेकाळी लाल गोल काढले होते, नेमक्या त्याच ठिकाणी उजेडाला काहीतरी वेगळे सुचले होते.

मी पुस्तकांत पुष्कळ सौंदर्य वाचले आहे. आमच्याच पलंगाखाली ते इतकी वर्षे गवतात गुंडाळून पडले होते, हे मला कोणत्याही पुस्तकाने सांगितले नव्हते. आईसुद्धा काही बोलली नाही. आणि आई काही बोलत नाही ही आमच्याकडे किती मोठी घटना आहे, ते दादा आपल्याला सांगेल.

बाबा दिव्यांकडे पाहत नव्हते. ते आमच्या तोंडाकडे पाहत होते.


दिनांक ११ फेब्रुवारी, बुधवार

त्या दिवसाविषयी लिहिणार नाही, असे मी म्हटले होते. ते वचन आज मोडावे लागत आहे. घडले आहेच तसे.

शेजारच्या काकू दिवा पाहून गेल्या आणि, "मलाही एक करून द्या हो, माझ्या अंधाऱ्या जिन्यात लावीन," म्हणाल्या. त्यांच्यासाठी कप निवडले; एक कमी पडत होता. खोक्यांत उरलेले सारे जाड बुडाचे. तेव्हा माझी नजर स्वयंपाकघरातल्या फळीकडे गेली.

त्या फळीला पाच हूक आहेत. चारांवर आम्हा चौघांचे कप. दादाचा अजून तिथेच आहे. पाचव्या हुकावर त्या दिवशी आपल्यापुढे ठेवलेला कप आहे.

होय, तोच. पांढरा, पातळ, कानाच्या बाजूला अंगठ्याएवढी झिलई नसलेली करडी जागा. आपण तो हातात घेतलात आणि दादाची नजर त्या डागावर गेली, तो क्षण मी पडद्याआडून पाहिला होता. लग्न न सांगता केले म्हणून बाबा नाराज होते, हे सर्वांना ठाऊक होते. काचेच्या कपाटात सहा अखंड कप असताना बाबांनी स्वतःच्या हाताने आपल्यापुढे रद्द कप ठेवला होता. दादा उठून उभा राहिला. "परक्या माणसालासुद्धा या घरात धड कप मिळतो, बाबा," असे म्हणाला, आणि मग आपल्याला, "चल." बाबांनी तोंडातून ब्र काढला नाही. आपण कप खाली ठेवलात आणि गेलात.

तो कप बाबांनी पुढे हुकावर ठेवला तेव्हा मला वाटले, दादाला डिवचण्यासाठी ठेवला असेल. आईलाही तेच वाटत असे, हे मला आज कळले. आम्ही दोघी त्या हुकाकडे पाहणे टाळत होतो. म्हणून काल मनाशी ठरवले, याचाच दिवा करावा. काकूंच्या जिन्यात तरी तो कोणाला टोचणार नाही. मी तो काढला, बुडावर चिकटपट्टी लावली आणि परातीत पालथा ठेवला.

बाबांनी ड्रिल उचलले, कप पाहिला, ड्रिल खाली ठेवले. मग नखाने ती पट्टी अगदी सावकाश सोलली आणि डिंकाचा चिकटा सदऱ्याच्या टोकाने पुसून काढला.

"याला नाही," ते म्हणाले. "हा चालू कप आहे."

"चालू? हा कोण वापरतं, बाबा?"

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी माझ्याच घराचा पत्ता विचारला होता.

"सूनबाईंचा आहे."

आई ओट्याशी होती. तिच्या हातातला चमचा खाली पडला. "अहो, मग त्या दिवशी तिला कपाटातला का नाही दिलात?" तिने विचारले. तीन वर्षांपूर्वीच विचारायला हवा होता असा प्रश्न, वहिनी, काल पहिल्यांदा विचारला गेला.

बाबा म्हणाले, "कपाटातला द्यायला ती काय पाहुणी होती?"

पुढचे आज लिहिता येत नाही.


दिनांक १५ फेब्रुवारी, रविवार

आता शांतपणे लिहिते.

त्या भेटीच्या आदल्या संध्याकाळी दादाने, "उद्या हिला घेऊन येतो," असा निरोप धाडला होता. तो ऐकून बाबा रागावले होते, हे खरे आहे. त्याच रागात त्यांनी पलंगाखालची खोकी ओढून काढली आणि कप वाजवत बसले, हेही खरे आहे. फक्त त्यामागचे कारण आम्हाला ठाऊक नव्हते. आई म्हणते, तिने तो टणटणाट ऐकला होता आणि समजली होती की हे राग काढताहेत. ते आपल्यासाठी आवाज शोधत होते. चांगल्या भाजलेल्या कपाचा आवाज वाजवल्यानंतर थोडा वेळ हवेत राहतो. सर्व खोक्यांत ज्याचा आवाज सर्वांत जास्त राहिला, तो हा कप. आणि फळीला पाचवा हूक बाबांनी दुसऱ्या दिवशी सकाळी, आपण येण्याच्या आधी बसवला होता. कप त्यावर जाण्याआधीचे काही दिवस आई तिथे गाळणी अडकवायची. बाबा ती काढून ठेवायचे. "मला वाटायचं, यांचं माझ्या गाळणीशी काय वाकडं आहे," आई म्हणाली आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला.

मी धीर करून विचारले, "पण डाग असलेलाच का, बाबा?"

"डाग नाही तो. झिलईत बुडवताना कुणाचा तरी अंगठा राहिलाय तिथे. दोन्ही हातांनी कप धरला की आपला अंगठा बरोब्बर त्याच जागी बसतो. नवीन घरात आलेलं माणूस, हात कुठे ठेवावा कळत नाही त्याला. म्हटलं, एक जागा असावी."

मला माझा अंगठा तिथे टेकवून पाहण्याचा मोह झाला. टेकवला नाही. तो कप माझा नव्हे.

तीन वर्षे तो कप हुकावर आहे आणि त्यावर कधी धूळ नव्हती. हे कोण करते, असा प्रश्न मला पडला नाही, कारण मला वाटे, आई करत असेल. आईला वाटे, मी. बाबा सकाळी स्वतःचा कप विसळताना तोही विसळत आले आहेत.

आई मात्र त्यांना सोडायला तयार नाही. "अहो, देवानं तोंड दिलंय ते काय नुसता चहा फुंकायला? पोरगं तुमच्यासमोर उठून चाललं होतं. एक वाक्य बोलायचं होतंत. 'हा तुझ्या बायकोचा कप,' एवढंच. जीभ झिजली असती?"

बाबा म्हणाले, "मला वाटलं, त्याला कळेल. तो या घरातच वाढलाय."

"त्याला काय कळायचं ते कळलं. घरात वाढला म्हणूनच कळलं. पाहुण्याला धड आणि बाकीच्यांना रद्द. तुम्ही एक अर्थ लावलात, त्यानं दुसरा."

"आणि नंतर वाटलं," बाबा आणखी हळू म्हणाले, "त्यांनाच नको असेल हे घर. मग मी काय मागे धावायचं?"

वहिनी, आपल्याला त्या दिवशी जे वाटले ते चुकीचे होते, असे मी म्हणत नाही. न सांगितलेला मान अपमानासारखाच दिसतो. त्यात दोष पाहणाऱ्याचा नसतो. बाबांची बाजू मांडणे हाही माझा हेतू नाही. परंतु मी या घरात जन्मापासून राहते, प्रत्येक परीक्षेत पहिली येते, आणि माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर लटकलेली गोष्ट मला वाचता आली नाही. आजवर मी बाबांना अबोल समजत होते. ते बोलत होते. फक्त कपांतून बोलत होते. हे लक्षात आल्यापासून मी घरातील प्रत्येक वस्तूकडे, परीक्षा नसताना उघडलेल्या पुस्तकाकडे पाहावे तशी पाहते आहे. माझ्या कपावरच्या त्या काळ्या ठिपक्याकडेसुद्धा. काल मी विचारले, "माझा हा कप तुम्ही का निवडलात?" ते म्हणाले, "तू जन्मलीस तेव्हा तुझ्या हनुवटीवर तसाच तीळ होता." तो तीळ अजून आहे. मी रोज आरशात तो पाहते आणि रोज सकाळी त्या कपातून चहा पिते.

जूनमध्ये मी पुढच्या शिक्षणासाठी दूर जाणार आहे. त्यानंतर या घरात रोज दोनच कप चहाने ओले होतील, आणि एक नुसता पाण्याने. हे लिहिण्यामागे काही स्वार्थ असेल तर तो एवढाच.


दिनांक १७ फेब्रुवारी, मंगळवार

आज पत्र पुरे करते. आपण यावे, असे मी लिहिणार नाही. यायचे की नाही, आणि आलात तर दादाला काय सांगायचे, हे आपणच ठरवावे. त्या दिवशी कोणी आपल्याला काही विचारले नव्हते. निदान या वेळी तसे होऊ नये.

कप खोक्यात घालून या पत्रासोबत पाठवावा, असे माझ्या मनात होते. बाबांना ते पटले नाही. "वापरातला कप घराबाहेर पाठवत नसतात. जागेवर आहे म्हणून लिही," ते म्हणाले. म्हणून लिहिते: कप जागेवर आहे. काकूंच्या दिव्यात त्याऐवजी जाड बुडाचा एक कप घातला. तो इतरांइतका उजळत नाही. पण काकू म्हणतात, जिना उतरताना सर्वांत आधी तोच दिसतो.

मी पाकीट बंद करत होते तेव्हा बाबा दारात येऊन उभे राहिले. पत्र कोणाला आहे, हे त्यांना मी सांगितले नव्हते. आईने सांगितले असावे. "काही लिहायचंय का तुमच्याकडून?" मी विचारले. त्यांनी मानेनेच नाही म्हटले. जायला वळले आणि पुन्हा थांबले.

"जाताना कप नीट ठेवला होता तिनं," ते म्हणाले. "एवढ्या गडबडीतसुद्धा. बशीच्या मधोमध, कान उजवीकडे करून."

मी ते इथे लिहून घेतले. मला वाटले, झाले. पण ते गेले नाहीत. चौकटीवरचा नसलेला डाग नखाने खरवडत राहिले आणि मग, वहिनी, माझ्या बाबांनी मला आपल्यासाठी एक प्रश्न सांगितला. त्यांच्याच शब्दांत देते:

"साखर किती घेते, तेवढं विचार. त्या दिवशी कळलंच नाही."

आपली,
नणंद

हे पत्र मंगळवार, दिनांक १७ फेब्रुवारी रोजी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी टपालपेटीत टाकत आहे.